सुरतेच्या डॉक्टरीणबाई : डॉ. रखमाबाई

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. उभी नोकरी सरकारी टिपणे लिहिण्यात गेली, अशा माणसाच्या लेखणीला चरित्रलेखनाचा सराव कोठून असणार? शिवाय जी नावे चटकन ओठांवर येतात, त्यांच्यावर अधिकारी लेखकांनी विपुल लिहून ठेवले आहे. मग मनात आले, की आपण सारे पोटापाण्यासाठी महाराष्ट्राबाहेर आलेले लोक. जिने आपल्याप्रमाणेच कर्तेपणाचा सारा काळ परप्रांतात काढला आणि तेथल्या लोकांची सुखदुःखे आपली मानली, अशा एखाद्या व्यक्तीचे स्मरण या प्रसंगी अधिक उचित ठरेल. असे एक नाव आमच्या घरात गेली पंचवीसहून अधिक वर्षे आदराने घेतले जाते. ते नाव डॉ. रखमाबाई यांचे.

ते आमच्या घरात कसे आले, हे आधी सांगितले पाहिजे. १९९८ साली आमची बदली सुरतेस झाली. आमच्या सौ. त्या वेळी पहिलटकरीण होत्या. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही आपल्याकडची रीत. परंतु त्यांच्या मातोश्री आजारी असल्याने जाणे लांबत गेले. सातव्या महिन्यात त्यांच्या पायांवर, पुढे हातांवर आणि चेहऱ्यावरही सूज दिसू लागली, डोके दुखू लागले. गावाकडून पत्र आले, की या दिवसांत असे व्हायचेच. आम्ही एका दवाखान्यात दाखवून आलो. तेथे शक्तीचे औषध लिहून मिळाले, पण रक्तदाब मोजला गेला नाही. आणि तो मोजा, असे म्हणण्याइतके ज्ञान आम्हां उभयतांपैकी एकालाही नव्हते. शेजारच्या घरात एक वृद्ध गुजराती बाई राहत असत. त्यांनी आमच्या सौ.चा चेहरा एकदाच निरखला आणि रिक्षा बोलावून त्यांना थेट प्रसूतिरुग्णालयात नेले. रक्तदाब फार चढलेला निघाला, लघवीच्या तपासणीतही दोष आढळला. पुढचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गेले. दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच, पण सुखरूप, आमची कन्या जन्मास आली.

त्या वृद्ध बाईंचे आभार मानावयास आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी सहज सांगितले, की त्यांच्या आईच्या काळी या गावातल्या बायकांना दवाखान्याची पायरी चढायला एका मराठी डॉक्टरीणबाईंनीच शिकविले होते. तुमच्याच मुलखातल्या त्या, तुम्हांला ठाऊक असतीलच, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आम्हांला ठाऊक नव्हत्या. परप्रांतातल्या एका बाईने आपल्याच एका थोर स्त्रीची ओळख आपल्याला करून द्यावी, याची त्या दिवशी खरोखर लाज वाटली. त्यानंतर मिळेल तेथून त्यांच्याविषयी वाचीत गेलो. त्या वाचनाचे हे सार आहे.

बालपण आणि माहेर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस एका सुतार कुटुंबात झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना कन्या झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. आज ज्या वयात आपल्या मुली दहावी-बारावीच्या परीक्षांची चिंता करीत असतात, त्या वयात ही बाई पत्नी, माता आणि विधवा या तिन्ही अवस्थांतून गेली होती. नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली.

या ज्ञातीत विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. रखमाबाईंच्या आयुष्याला वळण लावणारा हा पहिला पुरुष. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नावाजलेले वैद्य, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांत जे थोडके भारतीय होते, त्यांत त्यांची गणना होते. मराठीतून वैद्यक शिकविता यावे म्हणून त्यांनी मराठीत ग्रंथरचनाही केली. घरात वैद्यकाची पुस्तके, रुग्णांची ये-जा आणि सुधारणेच्या गोष्टी, असे ते वातावरण होते.

तरीही रूढीचा जोर असा, की अकराव्या वर्षी रखमाबाईंचेही लग्न लागले. वर दादाजी भिकाजी एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी सासऱ्यांच्या घरी राहून शिकावे व कर्तबगार व्हावे, असे ठरले होते. ते काही घडले नाही. शिक्षणाची त्यांना गोडी नव्हती आणि काही काळाने ते आपल्या मामांच्या घरी राहावयास गेले.

याच सुमारास डॉ. सखाराम अर्जुन यांनी एक निर्णय घेतला. मुलगी वयात आली, की लगोलग गर्भाधान विधी उरकावयाचा, अशी त्या काळची रीत होती. डॉक्टरांनी त्यास साफ नकार दिला. वाढ पुरी न झालेल्या शरीरावर मातृत्व लादले तर माता आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते, हे त्यांना वैद्य या नात्याने ठाऊक होते. जयंतीबाईंच्या पंधराव्या वर्षीच्या बाळंतपणाची आठवण तर घरातच होती. ज्या काळी या विषयावर घरातील पुरुष चकार शब्द काढीत नसत, त्या काळी सावत्र बापाने वैद्यकाच्या आधारावर मुलीची पाठराखण केली. पुढे जो खटला देशभर गाजला, त्याचे बीज या नकारात होते.

रखमाबाई घरी बसून शिकल्या. मिशनच्या वाचनालयातील पुस्तके आणून वाचावीत, प्रार्थनासमाजाच्या सभांना जावे, स्त्रियांच्या मंडळात ऐकावे-बोलावे, असा त्यांचा क्रम होता. वय वाढत होते, तशी समज वाढत होती आणि सासरी नांदावयास जाण्याची इच्छा उरली नव्हती.

तो प्रसिद्ध खटला

१८८४ साली दादाजींनी पत्नीने आपल्याकडे नांदावयास यावे, यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. पुढल्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले आणि घरातील मोठा आधार गेला. त्याच वर्षी रखमाबाईंनी एका इंग्रजी दैनिकात एका हिंदू स्त्रीच्या नावाने पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलींचे शिक्षण कसे खुंटते, त्यांच्या शरीराची आणि मनाची कशी हानी होते, हे त्यांत त्यांनी मांडले. वीस-एकवीस वर्षांच्या तरुणीने आपल्या भोगलेल्या दुःखावर अशा रीतीने जाहीर लिहावे, ही गोष्ट त्या काळी अपूर्वच होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाणपणी लागलेल्या आणि कधीच प्रत्यक्षात न आलेल्या संसारात एखाद्या प्रौढ स्त्रीला बळाने ढकलणे त्यांना मान्य नव्हते. दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये वरिष्ठ न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवून प्रकरण पुन्हा चौकशीस पाठविले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली, की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

साऱ्या देशात या प्रकरणाने खळबळ माजली. बेहरामजी मलबारी आदी सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्य टिळकांनी मात्र आपल्या पत्रांतून विरोधी भूमिका घेतली. दोन्ही बाजूंना थोर माणसे होती, हे आज आपण शांतपणे मान्य केले पाहिजे. परकीय सत्तेने आपल्या घरच्या रीतींत हात घालू नये, या भावनेलाही त्या काळी अर्थ होता. परंतु त्या साऱ्या वादाच्या मध्यभागी एक जिवंत मुलगी होती, आणि तिचे शरीर ही काही राष्ट्राच्या अभिमानाची मालमत्ता नव्हती, हे ध्यानात यावयास पुष्कळ काळ जावा लागला. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला आणि रखमाबाई तुरुंगाबाहेर राहिल्या.

हा वाद शमतो न शमतो तोच कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची बालवधू पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. या दोन्ही प्रकरणांनी लोकमत ढवळून निघाले आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. आज ती बारा वर्षेही आपल्याला अंगावर काटा आणतात. परंतु मुलीच्या शरीराला तिची वेळ असते आणि तिच्या होकाराला काही किंमत असते, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात थोडी पुढे सरकली ती तेव्हा.

विलायतेस

खटला संपला तेव्हा रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. आता पुढे काय, हा प्रश्न होता. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची या इंग्रज बाईंनी त्यांना वैद्यक शिकण्याची दिशा दाखविली. या पीचीबाई स्वतः एडिंबरो येथे स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळावे म्हणून झगडलेल्या पहिल्या तुकडीतल्या. त्यांच्या पुढाकाराने, विलायतेतील मॅक्लॅरेन दांपत्याच्या आश्रयाने आणि अनेकांच्या देणग्यांतून पैसा उभा राहिला. इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांनीही साहाय्य केले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या.

लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी अभ्यास केला, रॉयल फ्री रुग्णालयात प्रत्यक्ष अनुभव घेतला. इंग्लंडातील काही परीक्षामंडळे तेव्हा स्त्रियांना दार बंद ठेवीत. त्यामुळे पात्रतेच्या परीक्षा स्कॉटलंडात द्याव्या लागल्या. १८९४ मध्ये पदवीधर डॉक्टर होऊन त्या परतीच्या मार्गास लागल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण क्षयाने त्यांना काम करू दिले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास वारल्या. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी याच सुमारास व्यवसाय आरंभिला होता. म्हणून पहिल्या कोण, या वादात आम्ही पडत नाही. ज्या मराठी स्त्रीला डॉक्टर म्हणून तीन तपे रुग्णसेवा करता आली, त्या रखमाबाई, एवढे म्हटले तरी त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

सुरतेची वर्षे

मुंबईस कामा रुग्णालयात अल्पकाळ काम केल्यावर १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. वय तिशीचे. गाव परके, भाषा गुजराती, घरात सोबतीला संसार नाही, आणि मागे खटल्याची ती नको असलेली कीर्ती. बदलीच्या गावी पहिल्या दिवशी ट्रंका उतरविताना जी एक पोकळी मनात दाटते, ती आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आपल्याला निदान मंडळ असते, गणेशोत्सव असतो. त्यांना यांपैकी काय होते?

आणि काम तरी कसले! त्या काळचे बाळंतपण म्हणजे घरातील सर्वांत अंधारी, सर्वांत अडगळीची खोली. विटाळाच्या कल्पनेमुळे तेथे अंथरूण-पांघरूण जुनेरे असायचे, खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडीचा धूर. सुईण म्हणजे गुजरातेत दायण. तिच्या हातांत अनुभव असे, नाही असे नाही; परंतु हात धुणे, हत्यार उकळणे हे तिला कोणी शिकविलेले नसे. हाताशी असेल त्या धारदार वस्तूने नाळ कापली जाई, आणि आठवड्याभराच्या आत बाळ धनुर्वाताने ताठरून जाई. लोक म्हणत, सटवीने नेले. आईला तापाने गाठले, तर तिचे नशीब.

व्हिएन्नाच्या सेमेलवाईस या डॉक्टराने १८४७ मध्येच दाखवून दिले होते, की प्रसूतिगृहात हात क्लोरिनच्या पाण्याने धुतले, तर सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी होतात. पुढे लिस्टर यांनी जंतुनाशकांची पद्धत रूढ केली. रखमाबाई शिकल्या त्या या नव्या विद्येत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत आजची जंतुविरोधी औषधे नव्हती. सल्फाची औषधे आली ती त्या निवृत्त झाल्यावर, आणि पेनिसिलिन त्याहूनही पुढे. रक्त भरण्याची सोयही बहुतेक ठिकाणी नव्हती. म्हणजे एकदा बिघडले, की डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नसे. शस्त्रे दोनच, स्वच्छता आणि वेळ. स्त्री वेळेवर आली, तर पुष्कळ करता येई. दोन दिवस अडून, दायणीने हात टेकल्यावर आली, तर विद्याही लंगडी पडे. म्हणून औषधापेक्षाही मोठा प्रश्न होता, तो तिला वेळेवर आणण्याचा, आणि बायका तर येत नव्हत्या.

या संदर्भात त्यांच्या चरित्रात एक आख्यायिका सांगितली जाते. रुग्णालय सज्ज होते, पण बाळंतपणासाठी कोणी फिरकेना. दवाखान्यात गेलेली परत येत नाही, अशी समजूत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली आणि तिचे बाळंतपण तेथे केले. शेळी आणि करडू दोन्ही धडधाकट असल्याचे गावाने पाहिले, तशा बायका हळूहळू येऊ लागल्या. या गोष्टीत दंतकथेचा अंश किती, हे बाजूला ठेवले तरी तिच्यातला स्वभाव खरा आहे. न येणाऱ्या बायकांना अडाणी म्हणून हिणविणे सोपे होते. अधिकाऱ्याकरवी दवंडी पिटविणेही शक्य होते. रखमाबाईंनी यांतले काही न करता भीतीचे कारण ओळखले आणि डोळ्यांना दिसेल असे उत्तर दिले. निर्णय त्या बायकांचाच ठेवला.

आम्हांला वाटते, हे त्यांच्या पूर्वायुष्यातूनच आले असावे. ज्या स्त्रीला न्यायालयाने हुकूम देऊन एका घरी धाडू पाहिले, ती दुसऱ्या स्त्रीला हुकुमाने खाटेवर कशी झोपवील? तरुणपणी ती स्वतःच्या नकाराच्या हक्कासाठी लढली. उरलेले आयुष्य तिने इतर स्त्रियांचा होकार मिळविण्यात घालविले. नकार मान्य करणाऱ्या माणसालाच खरा होकार मिळतो, असे आम्ही त्यांच्या चरित्रातून शिकलो.

सुरतेत त्या वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढे इलाख्यात पसरला, त्याच्या पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. अशा दिवसांत माणसे गावे सोडून जात; रखमाबाई आपल्या जागी राहिल्या. प्लेगातील सेवेबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. ज्या सरकारच्या न्यायालयाने त्यांना तुरुंग दाखविला होता, त्याच सरकारने त्यांच्या छातीवर पदक लावले, हा काळाचा न्याय म्हणावयाचा.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे पातळ नेसू लागल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या विवाहाला त्यांनी जन्मभर मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का स्वीकारावे, याचा उलगडा ज्याने त्याने करावा. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. स्वतःचे मूल नव्हते. परंतु सुरतेच्या गल्लीगल्लीत त्यांच्या हातांवर जन्मलेली माणसे वाढत होती. पुढे तेथील रुग्णालयाला त्यांचे नाव दिले गेले.

राजकोट आणि अखेर

१९१८ च्या सुमारास त्यांना स्त्रियांसाठीच्या अखिल भारतीय वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण आले. मानाची जागा होती ती. ते नाकारून त्या काठेवाडात राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या. नाव जनाना, म्हणजे स्त्रियांसाठी. संस्थानी मुलखात पडदा कडक होता. पुरुष डॉक्टरने नाडी पाहावी तीही पडद्याआडून, असा प्रकार. तेथे स्त्री डॉक्टर असणे ही सोय नव्हती, तो जीवनमरणाचा प्रश्न होता. राजकोटला त्यांनी रेडक्रॉसचे कामही उभे केले. १९२९-३० च्या सुमारास, पासष्टाव्या वर्षी, त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. पडद्याची चाल बंद व्हावी, यासाठी त्यांनी याच काळात एक पुस्तिका लिहिली. पडद्याआड कोंडलेल्या स्त्रियांची दुखणी त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिली होती, त्या अनुभवाचे ते बोल होते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात ज्यांना तुरुंगाची धमकी मिळाली, त्यांनी स्वतंत्र भारताचे प्रजासत्ताकही पाहिले, आणि त्याच १९५५ सालच्या मे महिन्यात अमलात आलेला, विवाहाला वयाची अट आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा हिंदू विवाह कायदाही.

आपल्यासाठी

चरित्र येथे संपते. परंतु आपल्यासारख्या बदलीच्या गावी संसार थाटणाऱ्या कुटुंबांना त्यातून काय घ्यावयाचे, हे सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही.

रखमाबाईंपुढे प्रश्न होता, तो बायका रुग्णालयात येत नाहीत हा. आज तो बराचसा सुटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील सुमारे चौथा हिस्सा बाळंतपणे रुग्णालयांत होत असत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण शेकडा ८९ च्या आसपास गेले. ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्याच पाहणीत असेही दिसते, की खाजगी रुग्णालयांत जवळजवळ निम्मी बाळंतपणे पोट उघडून होतात, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण शेकडा १४ च्या जवळपास आहे. शस्त्रक्रिया जेथे हवी तेथे ती जीव वाचविते, याबद्दल शंका नको. पण ती का हवी, थांबता येईल का, हे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क आईला आहे. पूर्वी न जाण्यात अज्ञान होते. आज न विचारता मान डोलविण्यातही ते असू शकते. होकार समजून-उमजून दिलेला असावा, एवढेच.

गावाकडील वडीलधाऱ्यांचा मान आपण राखतोच. डोहाळजेवण व्हावे, आळिवाचे आणि डिंकाचे लाडू यावेत, आजीने बाळाला न्हाऊ घालावे, यात आनंद आहे आणि अपायही नाही. परंतु बाळाचे पहिले चिकाचे दूध टाकून द्यावयाचे, पहिल्या दिवशी मध चाटवावयाचा, गुटी उगाळून पाजावयाची, डोळ्यांत काजळ घालावयाचे, बंद खोलीत शेगडी आणि धुरी ठेवावयाची, या रीती आता सोडल्या पाहिजेत. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे, सहा महिने आईच्या दुधावाचून पाणीदेखील देऊ नये, बाळाची खोली उजेडाची, वाऱ्याची आणि धूर नसलेली असावी, हे आजचे वैद्यक सांगते. बाळंतिणीची अंधारी खोली उघडावी, यासाठीच तर रखमाबाईंनी आयुष्य वेचले.

आणि नव्या गावी उतरल्यावर शाळा आणि गॅसची जोडणी यांची चौकशी आपण करतो, तशीच घरात कोणी गरोदर असेल तर आणखीही थोडी करावी. जवळचे प्रसूतिरुग्णालय कोणते, तेथे रात्री डॉक्टर असतात का, रक्ताची सोय कोठे, अपरात्री वाहन कोणते, हे आधी ठरलेले असावे. तपासणीचे कार्ड आणि जुने कागद एकत्र ठेवावेत. प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी पाहिली गेली का, हे आपणच विचारावे. हातांवर व चेहऱ्यावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही दिसले तर गावाकडच्या सल्ल्याची वाट पाहू नये. आम्ही पाहिली होती. आमच्या शेजारणीने रिक्षा बोलावली नसती, तर आज हा लेख लिहावयास आमचा हात धजला नसता.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत नाटके केली, गणपती बसविले, संक्रांतीची वाणे लुटली. त्याहून मोठे काम मंडळाच्या भगिनींनी नकळत केले आहे. परक्या गावी आलेल्या कोवळ्या पोरींना त्यांनी माहेर दिले, रुग्णालयात सोबत केली, डबे पोचविले. ते काम तसेच चालू राहावे आणि त्याला नव्या ज्ञानाची जोड मिळावी. नवीन आलेल्या कुटुंबात कोणी गरोदर असेल, तर एका जाणत्या भगिनीने तिच्याबरोबर पहिल्या तपासणीस जावे, असा परिपाठ मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात घालून द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

सुरतेस जन्मलेली आमची ती कन्या आज स्वतः आई होणार आहे. तिचा संसार आमच्याहूनही दूर, दक्षिणेत आहे. माहेरी यावयाचे की तेथेच राहावयाचे, हे तिने आणि जावयांनी डॉक्टरांशी बोलून ठरविले आणि आम्हांला कळविले. ती तेथेच राहणार आहे. आमच्या सौ. पुढच्या महिन्यात तिच्याकडे जावयास निघतील. लाडवांची तयारी घरात सुरू झाली आहे. गुटीचे सामान मात्र या वेळी बांधलेले नाही.